दुपारची वीज

१० ऑक्टोबर

गुंड्या,

फोनवर तू "हं, हं" म्हणत असतोस आणि डोकं भलतीकडे असतं, म्हणून कामाचं बोलणं पत्रातच करते. वसतिगृहात होतास तेव्हाही पत्र लिहिलं की चार ओळींचं का होईना, उत्तर यायचं.

तू नोकरी करतोस ती संस्था आता शाळांना सौर विजेसाठी कर्ज देणार आहे, हे आमच्या चिटणीसांच्या कानावर गेलंय. "तुमचे बंधुराज तिथेच आहेत ना," म्हणून दोनदा माझ्या टेबलाशी येऊन बसले. मुख्याध्यापिका मी असले तरी शाळेचा कारभार त्यांच्या हातात. खडूसुद्धा मोजून देणारा माणूस. तो आपणहून विचारायला आला म्हणजे प्रकरण गळ्याशी आलंय असं समज.

इथलं ऊन तू एकदाच पाहिलंस, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दिवसभर माझ्या मोरीत बसला होतास. आमची मुख्य इमारत सिमेंटच्या स्लॅबची आहे, पण जागा पुरत नाही म्हणून पहिलीचा वर्ग मागच्या पत्र्याच्या खोलीत भरतो. तिथे ऊन चढलं की भिंतीला हात लावता येत नाही. पंखे आहेत, पण गावात सगळ्यांचे कूलर आणि एसी सुरू झाले की नेमकी दुपारी लाइट जाते. मग जनरेटर. त्याचं डिझेल शाळेचा पैसा पाण्यासारखा पितं, आवाजात शिकवणं ऐकू येत नाही आणि धूर सगळा वर्गात. वर वीजबिल आहेच.

पहिलीला आमच्याकडे एक तरुण बाई आहे. डिझेल संपलं की ती जुन्या वह्यांचे पुठ्ठे मुलांच्या हातात देते आणि कविता म्हणायला लावते. मुलं तालावर पुठ्ठे हलवतात, तेवढाच वारा. बघायला गंमत वाटते. पण गेल्या उन्हाळ्यात दोन पोरं घेरी येऊन पडली. कवितेने किती दिवस भागवायचं?

सूर्य आमच्याकडे फुकट आहे आणि नको इतका आहे. त्याचं काही करता येतं का बघ.

तुझी ताई


२ नोव्हेंबर

ताई,

करता येतं. नुसतं येतंच नाही, चांगलं येतं.

मी इथे सगळ्यांना सांगत असतो की सौर विजेला शाळेसारखं गिऱ्हाईक नाही. घरची माणसं संध्याकाळी परततात आणि सूर्य मावळल्यावर दिवे लावतात. शाळा ऊन असतानाच भरते. वीज बनते तेव्हाच वापरली जाते. उरली तर तारेतून वीज कंपनीला जाते आणि तेवढी बिलातून वजा होते. मे महिन्यात तुमचे वर्ग रिकामे आणि ऊन सगळ्यात कडक, तेव्हाची तर सगळीच कंपनीला.

बॅटरी मात्र मी हिशेबातून काढून टाकली. तिच्यामुळे खर्च दीडपट होतो, आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. त्यासाठी कुठलीच शाळा पैसे बाजूला ठेवत नाही. आम्ही पाहिलेल्या कितीतरी शाळांत छतावरची पॅनेलं धडधाकट आहेत आणि जिन्याखाली बॅटऱ्या मरून पडल्या आहेत. आमच्या समितीचा नियम असा, की बिलात वाचलेल्या पैशातूनच कर्ज सात वर्षांच्या आत फिटलं पाहिजे. बॅटरी धरली तर ते बसत नाही, तिच्याशिवाय आरामात बसतं. जनरेटर विकायचा आणि डिझेल कायमचं बंद, हेही मी धरलं आहे. ते धरलं म्हणूनच हिशेब इतका देखणा दिसतो.

लाइट जाण्याचं म्हणशील, तर तुमच्या भागाचे आकडे मी वीज कंपनीकडून मागवले. वर्षाकाठी अगदी थोडा वेळ जाते असं त्यांचं म्हणणं. रागावू नकोस, पण उन्हाळ्यात तुला सगळंच दुप्पट वाटतं. मी आलो होतो तेव्हा एकदाही लाइट गेली नव्हती. मोरीत मी माझ्या खुशीने बसलो होतो.

चिटणीसांना सांग, अर्ज पाठवा.

गुंड्या


२० नोव्हेंबर

गुंड्या,

अर्ज पाठवला. चिटणीसांनी तुझा कागद तीनदा वाचला आणि पहिल्यांदाच मला चहा पाजला.

ते आकडे ज्याने लिहिले तो गारेगार खोलीत बसला असणार. तू आलास तेव्हा थंडी सरत होती, हे विसरलास. असो. तू शिकलेला आहेस, चार शाळा पाहिल्या आहेत, मी वाद घालत नाही. पण एक विचारते, प्रश्न अडाणी वाटला तर हस. दुपारी लाइट गेली आणि जनरेटर नसला, तर पंखे चालतील ना? चिटणीस म्हणतात, "छतावर सूर्य, खाली पंखा, मध्ये कोण येणार?" मला पटलं, पण तू सांगितलंस की निर्धास्त होईन.

एक आनंदाची बातमी. पहिलीच्या बाईला दिवस गेले आहेत. मला सांगताना तिने ऑफिसचं दार लावून घेतलं. लग्नाला बरीच वर्षं झाली, मध्ये दोनदा आशा लागली आणि राहिलं नाही. म्हणून अजून कुणाला सांगत नाही. नवरा बस चालवतो. तो हल्ली खड्ड्यावरून गाडी नेतानासुद्धा हिचाच विचार करतो म्हणे, आणि ही त्या बसमध्ये नसतेच. सांगताना हसत होती. तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

ताई


५ डिसेंबर

ताई,

घाईत आहे, चारच ओळी. तुझा प्रश्न अडाणी नाही, पण उत्तर सोपं आहे. दुपारी लाइट गेली तरी दुपारचं ऊन कुठे जातं? खुशाल विका जनरेटर.

कर्ज मंजूर झालं. तुझी शाळा आमची पहिली. बाईंना माझ्याकडून शुभेच्छा.

गुंड्या


१८ फेब्रुवारी

गुंड्या,

बसली एकदाची पॅनेलं. आठवडाभर शाळेत शिकवणं कमी आणि वर बघणं जास्त. जनरेटर गॅरेजवाल्याने नेला. तो गेटातून बाहेर पडला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

या महिन्याचं बिल आलं. चिटणीसांनी ते उलटं करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं, इतकं कमी. आणखी एक, तू सांगितलं नव्हतंस ते. पॅनेलांची सावली स्लॅबवर पडते, त्यामुळे वरच्या वर्गांच्या खोल्या आधीच गार झाल्या आहेत. पत्र्यावर मात्र पॅनेलं बसवता आली नाहीत, पत्रा तेवढं वजन पेलणार नाही म्हणाले. पण पहिलीच्या खोलीत नवे पंखे लावलेत. चार. चालू केले तर मुलांची पुस्तकं उडाली आणि वर्ग हसत सुटला.

बाईचं पोट आता दिसायला लागलंय. मी तिला खुर्चीवर बसून शिकवायला सांगते, ती ऐकत नाही. रजा सगळी बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवली आहे. "नंतर जास्त दिवस मिळतील, मोठ्या बाई," म्हणते. खरंच आहे तिचं.

तू चांगलं काम केलंस. आई असती तर सगळ्या गावाला सांगत सुटली असती. ती नाही म्हणून मीच सांगते आहे.

ताई


६ मार्च

ताई,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. पुस्तकं उडाली तिथे साहेबसुद्धा हसले.

खरी बातमी पुढे आहे. तुमच्या शाळेचा हिशेब इतका सरळ बसला, की समितीने त्याच नमुन्यावर आणखी बारा शाळा घ्यायचं ठरवलं. उन्हाच्या पट्ट्यातल्याच सगळ्या. बॅटरी नाही, जनरेटर नाही, कर्ज वेळेत परत. माझी बढती होईल असं बोललं जातंय. कुणाला सांगू नकोस, चिटणीसांना तर नकोच, ते व्याज कमी करून मागतील.

छताचा एक फोटो पाठव, मुलांसकट. इथे भिंतीवर लावायचा आहे.

गुंड्या


२ एप्रिल

गुंड्या,

फोटो पाठवायचा राहिला, कारण सध्या मुलांना छतावर नेण्यासारखं ऊन नाही.

परवा दुपारी लाइट गेली आणि पंखे थांबले. मला वाटलं वायर सुटली असेल. वर लख्ख ऊन, पॅनेलं तळपताहेत, आणि खाली वारा नाही. काल पुन्हा तेच, आजही तेच. शेवटी बसवून गेलेल्या इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, हे मशिन असंच असतं. बाहेरच्या तारेत वीज नसली की ते आपोआप बंद होतं. तसं केलं नाही तर पॅनेलची वीज तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. लाइट नसताना चालवायचं असेल तर वेगळं मशिन लागतं, आणि बॅटरी. तुमच्या मंजुरीत ते नव्हतं."

मी त्याला म्हटलं बरं. त्याचं काही चुकलेलं नाही. वायरमनही कुणाचा तरी मुलगा.

म्हणजे बिल कमी झालं, हे खरं. वीज असते तोवर आपली वीज फुकट, हेही खरं. पण जी वेळ आम्हाला नको होती, त्या वेळेला आता आमच्याकडे काहीच नाही. पूर्वी निदान धूर तरी होता.

वरच्या वर्गांच्या परीक्षा स्लॅबच्या खोल्यांत चालू आहेत, त्यामुळे पहिलीला तिथे आणता येत नाही. शाळा सकाळची करावी तर परीक्षेचं वेळापत्रक वरून ठरून येतं. पुठ्ठे पुन्हा काढले आहेत.

तुला दोष द्यायला लिहीत नाही. काय करता येईल ते सांग.

ताई


११ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचलं. मी आमच्या तांत्रिक विभागात विचारलं. इंजिनिअर म्हणतो ते बरोबर आहे. त्यांना हे ठाऊक होतं, आणि मला ठाऊक असणारच असं त्यांनी धरलं होतं. मी पैशाचा माणूस, तारेचा नाही. पण तू सरळ प्रश्न विचारला होतास आणि मी कुणालाही न विचारता उत्तर दिलं.

तरी बघ, वीज कंपनीचे आकडे तसे नव्हते. वर्षभराची सरासरी काढली की तुमची एप्रिलची दुपार त्यात कुठेच दिसत नाही.

सगळ्या शाळेला नको, नुसत्या पंख्यांपुरतं वेगळं मशिन आणि थोड्या बॅटऱ्या बसवता येतील. त्यामुळे कर्ज फिटायला सात वर्षांच्या थोडं पुढे जाईल, म्हणून समितीपुढे ठेवावं लागेल. समिती जूनमध्ये बसते. तोवर कसंबसं निभाव, ताई. मी मांडतो.

गुंड्या


३० एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. फोन केला तर चिटणीसांनी उचलला, "मॅडम कामात आहेत" म्हणाले आणि बिल किती कमी आलं तेच सांगत बसले. रागावली आहेस का? रागावली असशील तर तसं लिही, मला चालेल. लहानपणी तू अबोला धरायचीस तेव्हा मी तुझ्या चपला लपवायचो. आता तेही जमत नाही.

बारा शाळांचं काम जुलैत सुरू होईल. त्यांच्यासाठीही मी पंख्यांपुरतं ते वेगळं मशिन मागणार आहे.

तुमच्याकडे ऊन फार आहे असं बातम्यांत दाखवतात. बाईंची तब्येत कशी आहे?

गुंड्या


१२ मे

गुंड्या,

रागावले नाही. लिहायला बसत होते आणि उठत होते.

परीक्षेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस लाइट सकाळीच गेली आणि आली नाही. पहिलीची मुलं पत्र्याखाली. त्यांना घरी सोडावं तर न्यायला येणारी माणसं दुपारी येतात, आणि एवढ्याशा पोरांना त्या उन्हात एकटं कसं सोडणार? बाईने मुलांना थोडं थोडं करून व्हरांड्यात आणून बसवलं. वर्गात जायची, चारपाच मुलांना घेऊन यायची, त्यांच्या तोंडावर पाणी मारायची, पुन्हा जायची. मी परीक्षेच्या खोलीत होते. मला कुणीतरी बोलवायला आलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली होती. म्हणाली, "काही नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळी आली का बाहेर?" मुलं सगळी बाहेर आली होती. एकालाही काही झालं नाही.

तिला दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, संध्याकाळी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती बरी वाटत होती. त्याच्या पुढच्या दिवशी तिला पोटात हालचाल जाणवेना.

मुलगी होती. पूर्ण वाढीला थोडेच दिवस कमी होते. नखंसुद्धा आली होती.

मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, हे उन्हामुळे झालं का? ते म्हणाले, "असेल. नसेलही. अशा उन्हात आम्ही हे जास्त बघतो. पण या एका बाळाबद्दल मला छातीठोक सांगता येणार नाही." चिटणीस माझ्या शेजारी उभे होते. परत येताना रिक्षात ते म्हणाले, "म्हणजे शाळेचा संबंध आहे असं नाही." नंतर पाहिलं तर ते रुमालाने डोळे पुसत होते. माणूस वाईट नाही. घाबरला होता.

तुला कळवलं नाही, कारण वाचून तू काय करशील ते मला ठाऊक होतं. डोकं धरून बसशील आणि जेवणार नाहीस. जेव. जनरेटर विकल्याच्या कागदावर सही माझी आहे. सरासरीत आमची दुपार दिसत नाही, हे तुला कळायला हवं होतं तसं मलाही ओरडून सांगता आलं असतं. मी प्रश्न विचारला आणि हवं ते उत्तर मिळाल्यावर गप्प बसले.

चिटणीसांनी फोन उचलला तो दिवस मी तिच्या घरी होते. नवरा कामावर जात नाही. दोघं दोन खोल्यांत वेगवेगळी बसतात.

ताई


२० मे

ताई,

जेवलो नाही, हे तुझं बरोबर निघालं. बायकोला सांगितलं. ती आमच्या छोटीच्या अंथरुणाशी जाऊन बसली.

डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतोय. एकदा वाटतं त्याने माझी सुटका होते, एकदा वाटतं त्यानेच होत नाही. नक्की कळलं असतं तर निदान कुठे उभं राहायचं ते तरी कळलं असतं.

पुढच्या महिन्यात समिती आहे. मी पंख्यांची गोष्ट मांडणार. पण ताई, त्या खोलीत बसलेल्या माणसांना मी ओळखतो, मीही त्यातलाच. मी सांगेन मुलांना उकडतं, ते म्हणतील उकडणारच. मी सांगेन हजेरी कमी होते, ते विचारतील किती, आणि बॅटरीच्या खर्चाला ते पुरतं का. पण या बाळाचं सांगितलं तर कुणी विचारणार नाही. बाईंचं नाव घेणार नाही, शाळेचंही नाही. फक्त घडलं एवढंच सांगेन. बारा शाळा आहेत. तिथेही पत्र्याच्या खोल्या असतील, तिथेही कुणी बाई असेल.

तू त्यांना विचारशील का? त्या हो म्हणाल्या तरच.

गुंड्या


३ जून

गुंड्या,

विचारलं. सोपं नव्हतं. आठ दिवस मी तिच्याकडे जात होते आणि भाजी निवडून परत येत होते.

शेवटी सांगितलं. तू कोण, तू काय केलंस, समिती काय, सगळं. काही झाकलं नाही. तिने ऐकून घेतलं. बराच वेळ हातातल्या शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या भावाला म्हणावं, मी त्यांच्यावर राग धरलेला नाही. मला राग धरायलासुद्धा जागा सापडत नाही."

मी म्हटलं, आणि समितीचं?

"नको," म्हणाली. "ते विचारतील बाळ उन्हानेच गेलं कशावरून. मग कुणीतरी माझी आधीची दोन काढेल. म्हणेल, हिचं तसंच होत होतं. मोठ्या बाई, ती एकदा गेली. आता लोकांनी टेबलाभोवती बसून ती कशाने गेली ते ठरवायचं, हे मला सोसणार नाही. पंखे मिळाले तर मिळू देत. तिच्यामुळे नको."

नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, "सांगू दे गं, दुसऱ्या कुणाचं वाचेल." तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच रडली. तो येऊन तिच्याजवळ बसला. मी निघून आले.

तेव्हा सांगू नकोस. नाव न घेतासुद्धा नको. तिला कळलं नाही तरी मला कळेल.

ताई


२८ जून

ताई,

सांगितलं नाही.

समितीपुढे मी तासभर बोललो. या वेळी वीज कंपनीचे आकडे घेतले नाहीत. बाराही शाळांच्या मुख्याध्यापकांना फोन करून उन्हाळ्यातल्या दुपारी कशा जातात ते विचारलं. सगळ्यांनी तुझ्यासारखंच सांगितलं. मी म्हणालो, आपण विजेच्या युनिटची किंमत धरतो आणि ते युनिट कुठल्या वेळचं ते बघत नाही. जानेवारीतल्या सकाळची वीज आणि एप्रिलमधल्या दुपारची वीज बिलात एकाच भावाने येते, पण पत्र्याखाली बसलेल्याला ती एक नाही. एक सभासद म्हणाले, "मग शाळा दुपारी सोडून द्या, फुकटात काम होईल." मी म्हटलं, सोडून कुठे पाठवायची? घरही पत्र्याचंच आहे.

मग अध्यक्षांनी चष्मा काढून मला विचारलं, "तुम्ही इतक्या तळमळीने बोलताय. असं काही घडलंय का कुठे?"

ताई, सगळे माझ्याकडे बघत होते. मी एकदाच बोलायचं होतं आणि सगळं मिळालं असतं.

मी म्हणालो, "नाही."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि कागद उलटला.

निर्णय असा झाला. नव्या बारा शाळांना पंख्यांपुरतं मशिन आणि बॅटऱ्या मंजूर, बॅटरी बदलण्यासाठी हप्त्यातच थोडी रक्कम बाजूला काढायची. मुदत नऊ वर्षं केली. ज्यांचं कर्ज आधीच चालू आहे त्यांना मात्र ते फिटेपर्यंत थांबावं लागेल. चालू कर्ज उघडलं तर सगळ्यांचंच उघडावं लागेल, असं म्हणाले. असं चालू कर्ज एकच आहे, तुमचं. मी भांडलो. उपयोग झाला नाही.

बढतीचं पत्र दिलं. मी ते घेतलं, नाही म्हणावं असं वाटलं पण म्हटलं नाही. पुढच्या शाळांचे कागद दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ नयेत, एवढंच कारण स्वतःला सांगितलंय. ते खरं आहे की नाही, ठाऊक नाही.

तुझा
गुंड्या


१९ जुलै

गुंड्या,

नाही म्हणालास ते बरोबर केलंस. बारा शाळांचं ऐकून तिला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. तू "नाही" म्हणालास तेही सांगितलं. मी निघाले तेव्हा ती मला फाटकापर्यंत पोचवायला आली. हल्ली ती घराबाहेर पडत नव्हती.

आमचं आम्ही जमेल तसं केलंय. माझं ऑफिस पत्र्याच्या खोलीत हलवलं आणि ऑफिसच्या जागी पहिलीचा वर्ग आणला. तिथे वर पॅनेलं आहेत, सावली आहे, पंखे थांबले तरी खोली तापत नाही. हे आधीही करता आलं असतं. मुख्याध्यापिकेची खोली हलवायची असते, हे कुणाच्या डोक्यात येत नाही, माझ्याही आलं नाही. चिटणीस आता हिशेब घेऊन पत्र्याखाली येतात आणि लवकर उठून जातात.

ती या सोमवारी कामावर आली. मला वाटलं होतं ती बदली मागेल, वरचा वर्ग मागेल. ती म्हणाली, "पहिलीच द्या." मी तिच्याबरोबर वर्गापर्यंत गेले. दारात थांबले. नवी मुलं होती, पण दोन-तीन गेल्या वर्षीची, आता दुसरीत गेलेली, बाईंना पाहून तिथेच येऊन बसलेली. त्यांना सुट्टीपूर्वी कुणीतरी सांगितलं होतं की बाई बाळ आणायला गेल्यात.

त्यातली एक मुलगी उठून उभी राहिली. "बाई, बाळ कुठाय?"

मी पुढे होणार होते. बाईने हातानेच मला थांबवलं. खुर्ची ओढून मुलांसमोर बसली आणि म्हणाली, "बाळ आलं होतं. पण ते जिवंत नव्हतं. म्हणून घरी नाही आणता आलं."

त्या पोरीने थोडा विचार केला. मग विचारलं, "त्याचं नाव काय?"

बाईने नाव सांगितलं. हळू आवाजात, पण स्पष्ट.

गुंड्या, मी त्या दवाखान्यात होते, घरी कितीदा गेले, तिच्याशी समितीबद्दल बोलले, मशिनबद्दल बोलले, तू आणि मी इतकी पत्रं लिहिली. त्या बाळाला नाव आहे हे मला सोमवारी कळलं. आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.

ताई